संच पुरा करण्याचा ध्यास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला पत्र पाठविले, त्यात परदेशातील वास्तव्याविषयी काही उद्‌बोधक बोलावे, अशी सूचना होती. 1974 साली मी अमेरिकेत गेलो आणि चाळीसांहून अधिक वर्षे न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज ह्या गावी काढली, हे खरे. परंतु तेथील रस्ते, पूल आणि सुबत्ता ह्यांचे वर्णन करून आपणांस नवे ते काय सांगणार? येथे बसलेल्या निम्म्या घरांतील मुलेबाळे आज तिकडेच आहेत. तेव्हा चिटणिसांची क्षमा मागून मी एका क्षुल्लक वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे खेळाडूंची छापील चित्रे असलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डे, आणि विषय म्हणजे त्यांचा संच पुरा करण्यासाठी माणसे आयुष्याची किती वर्षे वेचतात हा.

आपणांपैकी वडीलधाऱ्या मंडळींनी लहानपणी काडेपेटीचे छाप जमविले असतील. एकाच छापाचे दहा तुकडे आपल्याजवळ आणि हवा तो नेमका शेजारच्या मुलाजवळ, हे दुःख ज्याने भोगले आहे त्याला पुढील हकीकत समजण्यास अडचण पडू नये.

माझ्या घरात ही कार्डे आली ती 1984 साली. माझे एक ज्येष्ठ सहकारी सेवानिवृत्त झाले. घर आवरताना त्यांना बालपणीचा बुटांचा खोका सापडला, आणि तो त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दिला. त्यात बेसबॉल खेळाडूंची 61 कार्डे होती. सर्व 1956 सालची, टॉप्स ह्या च्युइंग गमच्या कंपनीने काढलेली. आडवे कार्ड, एका बाजूस खेळाडूचा मोठा चेहरा, त्याच्या मागे तोच खेळाडू मैदानावर धावत असल्याचे चित्र, आणि पाठीवर अनुक्रमांक. त्या वर्षीच्या संचात 340 क्रमांक आहेत. मुलाने वही आणली, 1 ते 340 आकडे लिहिले आणि हाती असलेल्यांवर फुली मारली. उरलेल्या आकड्यांकडे पाहून तो म्हणाला, "बाबा, आता फक्त 279 राहिली." ह्या 'फक्त' शब्दाने पुढील बत्तीस वर्षे आमच्या घरावर राज्य केले.

आता हा अपुरेपणा मुळात कोणी निर्माण केला, हे पाहण्यासारखे आहे. तो व्यापाऱ्यांनी केला. 1909 ते 1911 ह्या काळात अमेरिकेतील तंबाखूच्या मोठ्या मक्तेदार कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची चिमुकली रंगीत कार्डे घातली. पाकीट वाकू नये हा एक उपयोग. आणि गिऱ्हाइकाने पुढच्या चित्रासाठी पुढचे पाकीट घ्यावे, हा दुसरा. आज टी-206 ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मालिकेत 524 कार्डे मोजतात. त्यांपैकी होनस वॅग्नर ह्या पिट्सबर्गच्या थोर खेळाडूचे कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच मागे घेतले गेले. तंबाखूच्या विक्रीसाठी मुलांपुढे आपले चित्र नको, असे त्याचे म्हणणे होते, असे काही सांगतात. त्याला मोबदला हवा होता, असे दुसरे सांगतात. जगात ती प्रत अवघी काही डझन उरली आहे, आणि 2022 साली तिच्यापैकी एक साडेबाहत्तर लाख डॉलरांना विकली गेली. प्लँक नावाच्या गोलंदाजाचे कार्डही असेच दुर्मिळ. मगी ह्या खेळाडूच्या नावाची छपाईत चूक झाली, ती पुढे सुधारली. त्यामुळे चुकीचे ते मौल्यवान ठरले. डॉइल नावाचे दोन खेळाडू न्यूयॉर्कच्या दोन निरनिराळ्या संघांत होते. एकाच्या चित्राखाली दुसऱ्याचा संघ छापला गेला, तेही तसेच.

ह्यातून एक मोठी मजेची रीत पडली आहे. ज्याच्याजवळ ही चार सोडून बाकीची 520 कार्डे आहेत, त्याचा संच पुरा झाला असे ती मंडळी मानतात. आपल्या मंडळाच्या हिशेबतपासनिसांना हे मुळीच पटणार नाही! परंतु वीस-पंचवीस वर्षे खपून ज्याने 520 जमविली त्याला तू अपुरा आहेस असे म्हणण्याचा धीर कोणासही झाला नाही, असेच मी समजतो.

व्यापाऱ्यांच्या युक्तीचा कळस 1933 साली झाला. बॉस्टनच्या गाउडी ह्या गमच्या कंपनीने एका सेंटला गमची वडी आणि एक कार्ड असा सौदा मांडला. मंदीचे दिवस, मुलांजवळ सेंटसुद्धा मोजकेच. क्रमांक 240 पर्यंत होते, आणि मुले 106 क्रमांकाचे कार्ड शोधून शोधून थकली. गल्लीत कोणाकडेच ते नव्हते, शेजारच्या शाळेतही नव्हते. कारण कंपनीने ते छापलेच नव्हते. ज्यांनी तक्रारीची पत्रे लिहिली त्यांच्यासाठी 1934 साली नॅपोलियन लाज्वे ह्या फार पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूचे 106 क्रमांकाचे कार्ड छापून टपालाने पाठविण्यात आले. ते पत्राला टाचणीच्या चापाने अडकवीत. म्हणून आजही त्यांपैकी कित्येकांवर चापाचा वण दिसतो. त्या वणाकडे पाहिले म्हणजे पत्र लिहिण्यास बसलेला एखादा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. बहुतेक मुलांनी पत्र लिहिलेच नसणार.

आमच्या टॉप्स कंपनीचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. 1952 साली तिने 407 कार्डांचा संच काढला. पण शेवटचा हप्ता बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा मोसम सरत आला होता आणि दुकानदारांना तो नकोसा झाला होता. उरलेला माल वर्षानुवर्षे गुदामात पडून राहिला. 1960 साली तो आपण पडावावर लादून समुद्रात लोटला, असे त्या संचाचे जनक साय बर्जर ह्यांनी स्वतःच पुढे सांगितले. त्याच हप्त्यातले मिकी मँटल ह्याचे 311 क्रमांकाचे एक उत्तम प्रतीचे कार्ड 2022 साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना गेले.

पण पैशाची ही कथा सांगण्यासाठी मी उभा राहिलो नाही. आमच्या सिरॅक्यूज गावात जेफरसन बर्डिक नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. विजेची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम ते करीत. अविवाहित, मिळकत बेताची आणि संधिवाताने बोटे वाकडी झालेली. मात्र छापील कार्ड म्हणून जे जे काही अमेरिकेत निघाले ते ते त्यांनी जमविले: बेसबॉलपटू, नट्या, पक्षी, शुभेच्छापत्रे, जाहिराती. ह्या अफाट पसाऱ्याला कोणतीच शिस्त नव्हती. ती त्यांनी लावली. 1939 साली त्यांनी पहिली सूची प्रसिद्ध केली. टी-206 हे नाव त्यांच्याच सूचीतले; 'टी' हे अक्षर विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांचे.

1947 पासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देण्यास आरंभ केला. पुढे नोकरी करणे अशक्य झाल्यावर ते त्याच शहरात राहावयास गेले, आणि संग्रहालयाच्या मुद्रितचित्र विभागातील एका मेजाशी बसून तीन लाखांहून अधिक कार्डे व कागद वह्यांत चिकटवू लागले. आजचे संग्राहक डिंकाचे नाव ऐकताच शहारतात! परंतु सुटे कार्ड हरवते, चोरीस जाते. चिकटविलेले राहते, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला असे मला म्हणवत नाही. 1963 च्या जानेवारीत शेवटची वही पुरी झाली. तेव्हा ते कष्टाने आपला कोट अंगावर चढवून, आता आपण परत येणार नाही, असे सांगून निघाले, दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाले आणि मार्चमध्ये वारले. त्या संग्रहात बेसबॉलची सुमारे तीस हजार कार्डे आहेत. वॅग्नरही आहे. संग्रहालयात त्यांतील थोडी थोडी कार्डे आळीपाळीने मांडतात. मी दोन वेळा मुद्दाम जाऊन पाहून आलो.

आता आमच्या खोक्याकडे वळतो. पहिली दोनशे कार्डे चार वर्षांत झाली. शनिवारी एखाद्या शाळेच्या सभागृहात कार्डांचा बाजार भरे; आम्ही बापलेक हव्या असलेल्या क्रमांकांची यादी घेऊन बर्फातून गाडी हाकीत जात असू. एकतीस क्रमांकाच्या हँक ॲरनच्या कार्डावर मागे मैदानावर दाखविलेला खेळाडू ॲरन नसून विली मेज आहे, ही छापणाराची चूक मला मुलानेच दाखविली. त्या दिवशी त्याची ऐट पाहण्यासारखी होती.

1989 साली मी एका दूरच्या व्यापाऱ्याकडून सँडी कोफॅक्सचे 79 क्रमांकाचे कार्ड टपालाने मागविले. कडा नव्यासारख्या तीक्ष्ण. मुलाने ते एका साध्या कार्डावर ठेवले, आणि एका बाजूने केसभर खालचे कार्ड दिसू लागले. झिजलेली कड कोणीतरी कापून सरळ केली होती. पैसे परत आले नाहीत. त्या वेळी मी स्वतःस फार मूर्ख समजलो. पुढे 2013 साली जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर कार्डाचीही कड आपण कापली होती, अशी कबुली एका बड्या व्यापाऱ्याने दिली, तेव्हा माझे मन थोडे हलके झाले.

त्या प्रसंगानंतर मुलाचे लक्ष उडाले. तो चौदा वर्षांचा होता, उडणारच होते. मी मात्र थांबलो नाही, आणि येथे मला आपल्यासमोर एक कबुली द्यावयाची आहे. आम्हा दोघांत पुढे बरीच वर्षे दुरावा होता. कारणे घरगुती होती. ती येथे सांगण्याजोगी नाहीत. तो दूरच्या राज्यात नोकरीस गेला, फोन क्वचित येई. मी कार्डे घेत राहिलो. सौ. मला म्हणे, "ह्या वयात हे काय पोरकट?" मी उत्तर देत नसे. संच पुरा झाला की मुलाला कळविण्यास काहीतरी निमित्त होईल, हे मला बोलून दाखविता येत नव्हते.

2011 पर्यंत 340 क्रमांक पुरे झाले. परंतु त्या संचात बिनक्रमांकाची आणखी दोन कार्डे आहेत. ती म्हणजे याद्या. कोणते कार्ड मिळाले त्यावर खूण करण्यासाठी चौकटी छापलेली. मुलांनी त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि काम होताच फेकून दिल्या. म्हणून त्या दुर्मिळ, आणि कोऱ्या यादीला तर फारच किंमत. एक मला लवकर मिळाली. दुसरी, दुसऱ्या व चौथ्या हप्त्याची, 2016 साली मिळाली, आणि ती खुणा केलेली होती. कोरी परवडण्यासारखी नव्हती.

मी मुलाला फोन केला. नोव्हेंबरच्या सुट्टीत तो आला. त्याने वह्या हळूहळू चाळल्या, मग ती यादी हातात घेतली आणि मोजू लागला. 160 चौकटींपैकी 143 वर खूण होती. मँटलवर होती, मेजवरही होती. सतरा चौकटी रिकाम्या होत्या. सगळी साधी नावे. तो म्हणाला, "बाबा, ह्या पोराची सतरा राहिली." मग त्याने आमच्या संचातून ती सतरा कार्डे काढून जेवणाच्या मेजावर क्रमाने मांडली, आणि सौ. ने ताटे घेण्यासाठी दोनदा हाक मारली तरी आम्ही दोघे तेथेच बसून राहिलो. त्याने पेन्सिल मागितली. मी दिली नाही. तो हसला, आणि कार्डे पुन्हा वहीत लावण्यास मला मदत करू लागला.

अध्यक्षमहाराज, माझी वेळ संपली आहे. तो संच मी आज बरोबर आणला आहे. उपाहाराच्या वेळी ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. मात्र आधी हात पुसावेत, एवढी विनंती आहे.