पॉइंट टू-टू किती पुरतं?



2021 मधल्या नाताळची रात्र. अभिनेते सलमान खान पनवेलजवळच्या आपल्या फार्महाऊसवर होते, तेव्हा तिथल्या एका खोलीत साप शिरला. काठीवर घेऊन ते त्याला बाहेर सोडत असताना तो हातावर चढला आणि चावला. पहाटे त्यांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात नेलं. साप बिनविषारी निघाला, काही तास देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडलं. पुढच्या वर्षी धमकीचं पत्र आलं आणि मुंबई पोलिसांनी त्यांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना दिला. मग 14 एप्रिल 2024 च्या पहाटे मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी वांद्र्याच्या त्यांच्या इमारतीवर गोळ्या झाडल्या आणि ते पसार झाले. घरात परवान्याचं शस्त्र असो वा नसो, त्या काही क्षणांत त्याचा उपयोग कुणाला आणि कसा झाला असता?

एवढी सुरक्षाव्यवस्था असलेल्या माणसाची ही गोष्ट. पण पनवेलच्या आसपास डोंगराच्या कुशीत बंगले आणि फार्महाऊस वाढत चालली आहेत, त्यातल्या कितीतरी घरांत वयस्क जोडपी एकटी राहतात, आणि तिथे एक प्रश्न नेमाने निघतो. एखादं लहानसं पॉइंट टू-टू पिस्तूल जवळ ठेवलं तर चोरापासून आणि जनावरापासून पुरेसं संरक्षण होईल का? प्रश्न भीतीतून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

आधी हे काडतूस समजून घेऊ. पॉइंट टू-टू म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभरात बावीस भाग, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1857 मध्ये याच मापाच्या आखूड काडतुसाचं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. आज जगभर चालणारं ‘लाँग रायफल’ काडतूस 1887 चं आहे. याला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. रिमफायरमध्ये ती टोपीच नसते. पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत आतून सर्वत्र पसरवलेलं असतं आणि घोडा त्या कडेवर आपटतो. बनवायला सोपं, स्वस्त, झटका जवळजवळ नाही. पण कडेत एखाद्या ठिकाणी रसायन नीट पोहोचलं नसेल आणि घोडा नेमका तिथेच पडला, तर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. सरावाच्या मैदानावर याचं काही वाटत नाही, दुसरं काडतूस घालायचं. अंधाऱ्या जिन्यावर समोर माणूस उभा असताना मात्र ते फार महागात पडतं. त्यातून कोकणातला पावसाळा. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या काडतुसांवर विसंबून राहणं इथे तर अधिकच धोक्याचं.

आता ताकद. या गोळीचं वजन अडीच ग्रॅमहून किंचित जास्त. पुरेशा लांब नळीच्या पिस्तुलातून ती सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सव्वाशे ज्यूलच्या घरात असते. पोलीस आणि लष्कर वापरतात त्या नऊ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे जवळपास चौपट. नऊ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध मापात मोडतं. नागरिकाला हातबंदुकीत मुख्यतः पॉइंट टू-टू आणि पॉइंट थ्री-टू असे पर्याय उरतात.

म्हणूनच सरकारी आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी याच मापांत रिव्हॉल्वर काढली. कानपूरचं ‘निर्भीक’ जानेवारी 2014 मध्ये आलं. ते पॉइंट थ्री-टूचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या जवळ. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्याचं ‘निडर’ त्यानंतरचं. ते पॉइंट टू-टूचं, वजन सुमारे अडीचशे ग्रॅम, किंमत तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास, आठ गोळ्यांचं. पर्समध्ये मावेल असं. पण नळी इतकी आखूड की गोळीचा वेग आणखी घटतो. पर्समध्ये मावणं ही विक्रीची बाजू झाली. समोरचा थांबेल का, हा प्रश्न वेगळा.

इथे दोन परदेशी घटना आठवाव्या लागतात, कारण या काडतुसाबद्दल त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. 30 मार्च 1981 रोजी वॉशिंग्टनमध्ये जॉन हिंकली याने राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर पॉइंट टू-टूच्या स्वस्त रिव्हॉल्वरमधून दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. एक गोळी मोटारीवर आपटून रेगन यांच्या डाव्या काखेखाली शिरली आणि हृदयापासून इंचभर अंतरावर थांबली. आपल्याला गोळी लागली आहे हे रेगन यांना सुरुवातीला कळलंच नाही. सत्तर वर्षांचा तो माणूस रुग्णालयाच्या दारातून स्वतःच्या पायांनी आत गेला आणि मग कोसळला. शस्त्रक्रिया झाली नसती तर ते वाचले नसते. त्याच गोळीबारात रेगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी गेली आणि ते उरलेलं आयुष्य अपंगावस्थेत जगले. त्याआधी, जून 1968 मध्ये, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली तीही पॉइंट टू-टूच्या आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्वरनेच. आजूबाजूच्या माणसांनी मारेकऱ्यावर झडप घातली तरी त्याच्या हातातलं रिव्हॉल्वर गोळ्या ओकत राहिलं. केनेडी सुमारे सव्वीस तासांनी गेले.

ही गोळी माणूस मारते, यात शंका नको. तिला खेळणं समजणाऱ्याने ती हातात घेऊ नये. पण रेगन गोळी लागल्यावरही कितीतरी मिनिटं शुद्धीवर होते, बोलत होते, चालत होते. त्यांच्या जागी हातात कोयता घेतलेला दरोडेखोर आहे अशी कल्पना करा. तो तासाभराने दगावेल कदाचित, पण पुढच्या दहा सेकंदांत तो काय करील? घरातल्या माणसाला तो त्याच दहा सेकंदांत थांबायला हवा असतो. एवढ्या लहान गोळीकडून हे हमखास साधायचं तर ती मेंदूत किंवा कण्यात बसावी लागते, आणि घाबरलेल्या हाताने अंधारात तिथे नेम लागणं ही नशिबाची गोष्ट.

नेम किती कठीण असतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ऑगस्ट 2018 मध्ये पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट टू-टू रिमफायरच. जलद फेरीत हात खाली ठेवायचा, इशारा होताच उचलायचा आणि तीन सेकंदांत एक गोळी लक्ष्यावर मारायची. पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं, मूठ हाताच्या मापाने घडवलेली, प्रकाश भरपूर, लक्ष्य जागचं न हलणारं, आणि मागे हजारो गोळ्यांचा सराव. तरीही अंतिम फेरीत थायलंडच्या स्पर्धक आणि राही यांची बरोबरी झाली आणि निकालासाठी जादा फेऱ्या घ्याव्या लागल्या. 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्या रायफलमध्येही हेच काडतूस होतं. पॉइंट टू-टूचं खरं वैभव इथे आहे. झटका नाही, खर्च कमी, चूक लगेच दिसते. नेम शिकायला याहून चांगलं काडतूस नाही.

आता रानावनाचा विचार. या काडतुसाची भलामण करताना कॅनडातल्या बेला ट्विन या आदिवासी बाईंचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 1953 मध्ये अल्बर्टा प्रांतात त्यांनी एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या जुन्या पॉइंट टू-टू रायफलने प्रचंड ग्रिझली अस्वल मारलं. गोष्ट खरी आहे. पण त्या दबा धरून बसल्या होत्या, अस्वल अगदी जवळ आलं होतं, गोळी कवटीच्या बाजूच्या पातळ हाडावर मारली, आणि पडल्यावरही त्यांनी पुन्हा पुन्हा गोळ्या घातल्या. जन्मभर शिकारीवर जगलेल्या बाईंचा तो हात होता, आणि त्यात लांब नळीची रायफल होती. त्यावरून अडीचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरने बिबट्या अडवण्याचा हिशेब मांडणं म्हणजे जिवाशी खेळ.

शिवाय आपल्याकडे रानात शिकार करून जगण्याचा मार्गच कायद्याने बंद आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जीव वाचवताना प्राण्याला मारावं लागलं तर तो गुन्हा ठरत नाही, पण लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. म्हणजे पनवेलहून बारा-तेरा किलोमीटरवरच्या कर्नाळ्याला पक्षी बघायला जाताना परवान्याचं पिस्तूलही घरीच ठेवायचं.

आणि रायगडच्या डोंगरात माणसं मरतात ती कशाने? 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे चार विषारी साप इथले, आणि चारही दंशांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुलं दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं. 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. रायगडातल्या माणसाला जगवण्याच्या कामात त्या गोळ्यांनी जे केलं, ते कुठल्याही काडतुसाला जमलेलं नाही. ट्रेकला जाणाऱ्याने पिशवीत विजेरी, क्रेप बँडेज आणि भरपूर पाणी ठेवावं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे ते आधी विचारून ठेवावं आणि 108 क्रमांक लक्षात असावा.

घराचं काय? भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. जिवाची भीती, बलात्काराचा किंवा अॅसिडहल्ल्याचा प्रयत्न अशा प्रसंगी तो समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत जातो. पण 37 वं कलम गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्क मिळत नाही. पाठ फिरवून कुंपणाकडे पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणारा घरमालक स्वतःच आरोपी होऊ शकतो. म्हणून भक्कम दार, आतून लागणारी कडी, अंगणात दिवा, भुंकणारा कुत्रा, शेजाऱ्याचा फोन आणि 112 या गोष्टी आधी. त्या झाल्यावरही खरा, नोंदलेला धोका असेल, तर पनवेल शहरातल्या माणसाने नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा. वय एकवीस पूर्ण हवं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हवं, आणि निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. परवाना मिळालाच, तर निवड पॉइंट थ्री-टूच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरची करावी. तेही फार ताकदीचं नाही, पण त्याच्या काडतुसाची टोपी मधोमध असते, गोळी जड असते, आणि रिव्हॉल्वर असल्याने एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं.

सराव मात्र टाळता येणार नाही. त्यासाठी पनवेलकरांना फार लांब जावं लागत नाही. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलमध्येच आहे. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक. तिथे सुरुवात एअर रायफलने होते. बोट चापावर कधी ठेवायचं आणि नळी कुठे रोखायची नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी प्रवासाची तयारी करत होते. परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. घरात कोणी शिरलं नव्हतं. पनवेलमध्ये ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी आज रात्री रिव्हॉल्वरचं चक्र उघडून बघावं, गोळ्या काढून वेगळ्या पेटीत कुलपात ठेवाव्यात, आणि त्या कुलपाची किल्ली नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा जागी आहे ना, तेवढं पाहावं.