खोडकिड्याचा सापळा एकटीने नको, सगळ्यांनी लावू
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत कृषी सखीने केलेले भाषण)



भाताची लावणी उरकली की आपण जरा टेकतो. खोडकिडा मात्र तेव्हाच कामाला लागतो. पारोळ, भाताणे, मेढे, आपल्याकडचं कुठलंही शिवार बघा. मधला शेंडा सुकतो, ओढला की हातात येतो, ती गाभामर. पुढे पांढरी पोकळ लोंबी दिसते, ती पळींज. दोन्ही एकाच अळीचं काम. पळींज दिसल्यावर कितीही औषध मारा, दाणा भरत नाही. अळी खोडाच्या आत असते. आणि फवारलेल्या त्याच पाण्यात बेणणीला आपणच उतरतो. तिथलेच मुठे आणि मासे आपल्या चुलीवर शिजतात.

म्हणून अळी होण्याआधीच पतंग पकडायचा. मादी रात्री एक वास सोडते, त्या वासावर नर येतो. तसाच वास तयार करून रबराच्या छोट्या तुकड्यात भरतात. त्याला ल्युर म्हणतात. ल्युर लावला की झाला कामगंध सापळा. नर त्यात अडकतो, मादीची जोडी जमत नाही, अळ्या कमी होतात.

आता तुम्ही विचाराल, माझ्या वीस गुंठ्यांत एक सापळा लावला तर भागेल का? कीड आली का, एवढं कळेल. पाहणीला एकरी दोन सापळे पुरतात, नर कमी करायला एकरी आठ लागतात. शिवाय शेजारच्या खाचरात जोडी जमलेली मादी उडून आपल्याकडे अंडी घालते. ती काही सापळ्यात येत नाही. तेव्हा पाच जणींची वीस-वीस गुंठे खाचरं एकत्र धरा. झाला एक हेक्टर. सापळे वीस, प्रत्येकीच्या वाट्याला चार.

करायचं असं:

1. ल्युर भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचाच मागा. कापसाच्या किंवा वांग्याच्या अळीचा इथे चालत नाही.
2. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी सापळे लावा. सापळा पिकाच्या फूटभर वर हवा. भात वाढेल तसा वर सरकवा.
3. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत ल्युर बदला. हात धुऊन हाताळा. जुना ल्युर बांधावर टाकू नका.
4. दर आठवड्याला पतंग मोजून गटाच्या वहीत लिहा. आकडा वाढला की पानांच्या शेंड्यांवर अंडीपुंज शोधा, तोडून नष्ट करा.
5. शंभर फुटव्यांत पाच सुकलेले दिसले, तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारून पुढचा उपाय करा.

कापणी जमिनीलगत करा, नंतर नांगरट करून धसकटं वेचा. अळी त्यातच दडून राहते. ते राहिलं तर सापळ्यांचा खर्च वाया जाईल.

तर ताईंनो, सभेतून उठण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कोणाकोणाची खाचरं लागून आहेत, आणि पतंग मोजायची पाळी कोणाची.