एका घराचे एक वर्ष



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांवर विचार करायला आपण नंदुरबारला जमलो आहोत, याला मी फार महत्त्व देतो. ग्राहक वर्तन, शाश्वत पर्यटन आणि वित्तीय बाजार अशी तीन सत्रे होणार आहेत. तिन्ही सत्रांचे अध्यक्ष वेगळे, निबंधही वेगळे. अभ्यासाच्या सोयीसाठी अशी वाटणी करावी लागते. पण या जिल्ह्यातल्या घरात हे तीन विषय वेगळे राहत नाहीत. तिथे खरेदी, कर्ज आणि आल्यागेल्याचा खर्च यांचा हिशेब एकत्रच मांडला जातो. म्हणून आज मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपल्या संशोधनाचा पाया एका माणसाने एका दुपारी भरून दिलेली प्रश्नावली हा नसावा. एका घराचे एक पूर्ण वर्ष हा असावा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. पण इथला बाजार त्याहून कितीतरी जुना आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाची नोंद करून ठेवली आहे. दाणा नेहमीच्या तांदळाहून बारीक, शिजल्यावर पांढराशुभ्र, वास कस्तुरीसारखा. बडे लोक हाच तांदूळ खात आणि इराणात कोणाला भेट न्यायची तर त्याचे पोते नेत, असे तो सांगतो. ग्राहकाची पसंती, मालाचा दर्जा, दूरची बाजारपेठ आणि वाटेवरचा प्रवासी या चारही गोष्टी त्या एका नोंदीत आहेत. या मातीत आपल्या विषयांना आधार नाही, असे कोणी म्हणू नये.

आज या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज सातपुड्यात आणि नवापूरच्या पट्ट्यात आहेत. सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली ऐकू येतात. आपल्या क्रमिक पुस्तकांतला ग्राहक मात्र शहरात राहतो, त्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळतो आणि तो दुकानाच्या फळीवरच्या चार ब्रँडांतून एक निवडतो. त्याच्यासाठी केलेली प्रश्नावली आपण धडगावात वाटतो. तिच्यातल्या पहिल्या दोन-चार प्रश्नांतच मासिक उत्पन्न विचारलेले असते. तिथपासूनच अभ्यास चुकायला लागतो.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत उन्हाळा म्हणजे आमचूर. कैऱ्या उतरवायच्या, साली काढायच्या, फोडी करून खडकावर नाही तर घराच्या छपरावर वाळत घालायच्या. घरातली लहानथोर सगळी त्यात गुंतलेली असतात. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव मिळतो. अवकाळी पावसाची एक सर आली आणि त्या काळ्या पडल्या की तोच माल पडेल भावाने द्यावा लागतो. पुढे पेरणी येते, आणि बी-बियाण्याला पैसा लागतो. पावसाळ्यात मजुरी तुटपुंजी. दिवाळीच्या सुमारास धान्य हाती येते. त्याच वेळी अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत निघतात. या घराच्या वर्षभराच्या मिळकतीला बाराने भागले तर जो आकडा येतो, तो त्या घराने कोणत्याही महिन्यात पाहिलेला नसतो. मग त्या आकड्यावर बेतलेले तक्ते कितीही नेटके असले, तरी ते त्या घराबद्दल काय सांगणार?

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. गूळ, डाळ्या, हार-कंगन, नवे कपडे, घुंगरू यांनी वाटा भरून जातात. त्या गर्दीत सराफाच्या दुकानापाशी थोडा वेळ थांबा. एखादी बाई कमरेची पिशवी सोडते, नोटा मोजून देते आणि गहाण पडलेले चांदीचे कडे सोडवून घेते. ते हातात फिरवून बघते, आपलेच आहे ना याची खात्री करते आणि तिथेच हातात घालते. ग्राहक वर्तनाचा अभ्यासक याला सणाची खरेदी म्हणेल. वित्ताचा अभ्यासक तारण कर्जाची परतफेड म्हणेल. पर्यटनाचा अभ्यासक काठी गावच्या राजवाडी होळीत त्याच कड्याचा फोटो काढील आणि सांस्कृतिक वारसा म्हणून निबंधात घालील. तिघांचेही खरे आहे. पण ते कडे पेरणीच्या वेळी का गहाण पडले, सोडवायला पैसा कोठून आला, आणि येत्या आषाढात ते पुन्हा सराफाच्या तिजोरीत जाणार का, हे तिघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. कारण तिघांनीही त्या बाईला वर्षातून एकदाच पाहिले.

वित्तीय बाजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दलाल स्ट्रीट येतो. पण नंदुरबारच्या बाजार समितीतला मिरचीचा लिलाव हाही वित्ताचाच अभ्यास आहे. शेतकरी ओली लाल मिरची विकतो. व्यापारी ती पथारीवर वाळवतो, मजूर बाया देठ खुडतात. पथारीवर मिरची असताना अवकाळी पाऊस झाला तर मोठे नुकसान होते. म्हणजे ओली मिरची विकणारा शेतकरी मिरचीबरोबर पावसाची जोखीमही विकतो आणि त्यासाठी कमी भाव पत्करतो. त्या जोखमीची किंमत किती? ती रास्त आहे का? डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की जेवढ्या रकमेच्या लाभाने सुख होते, त्याहून तेवढ्याच रकमेच्या तोट्याचे दुःख माणसाला जास्त होते. हा सिद्धांत आपण वर्गात शिकवतो. तो पारखून पाहायला मिरचीच्या पथारीइतकी चांगली जागा दुसरी कोणती?

ऊसतोडीच्या मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ उचलीचेही तेच. तोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी नवरा-बायकोच्या कोयत्याला उचल मिळते आणि पुढच्या कित्येक महिन्यांच्या कष्टाचा सौदा त्या दिवशी ठरून जातो. हा श्रमाचा वायदा व्यवहार आहे. त्यात व्याजाचा शब्द निघत नसला तरी कमी मजुरीच्या रूपाने व्याज वसूल होतेच. ते किती, हे काढण्याचे गणित आपल्याकडे आहे. ते मांडायचे तर मजुराची उचल, तोडलेला ऊस, हाती आलेली मजुरी आणि घरी परतताना उरलेली रक्कम या चारही नोंदी हव्यात. एका दिवसात भरलेल्या अर्जात त्या मिळत नाहीत.

या जिल्ह्यात कर्जाचा इतिहास जमिनीच्या इतिहासाशी बांधलेला आहे. कर्जापायी आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, हे शहादा परिसराने अनुभवले. अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली १९७०च्या दशकाच्या आरंभी इथे चळवळ उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदाही त्याच दशकातला, १९७४चा. ज्यांना वित्ताचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

आज चित्र बदलले आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी दिले गेले. २०१४ मध्ये जनधन योजना आली, घरोघरी खाती निघाली, अनुदाने खात्यावर येऊ लागली. आता मोबाइलवर शेअर बाजारही गावात पोहोचला आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपण सगळ्यांनी वाचायला हवा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. २०२३-२४ मध्ये या व्यवहारांत उतरलेल्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. आपल्या वर्गांत बसलेली मुले याच वयाची आहेत. त्यातली कित्येक शिकणारी पहिलीच पिढी आहे. त्यांनी घातलेला पैसा कोणाचा होता, बापाने विकलेल्या कापसाचा की आईच्या गहाण पडलेल्या चांदीचा, हे राष्ट्रीय आकडेवारीतून कळणार नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.

आता पर्यटनाविषयी. सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवरचे तोरणमाळ, तिथला यशवंत तलाव, सीताखाई, महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा, तापीकाठचे प्रकाशा, दत्त जयंतीला सारंगखेड्यात भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार, दिवाळीतली अस्तंबा यात्रा. एवढे वैभव असलेले जिल्हे थोडेच. तेव्हा कॅनडात शिकवणारे भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळांच्या वाढीचे टप्पे मांडले. सुरुवातीला मोजके प्रवासी, मग वाढ, मग गर्दी, आणि मग साचलेपण. तोरणमाळ अजून आधीच्या टप्प्यांत आहे. म्हणून मोजणी आताच करायला हवी. तलावाचे पाणी किती, कचरा कोठे जातो, पर्यटकाने खर्च केलेल्या शंभर रुपयांतले किती तोरणमाळच्या पाड्यांवर राहतात आणि किती बाहेर जातात? गर्दी झाल्यावर केलेला अभ्यास बिघडलेल्याची नोंद तेवढी करतो. आज केलेला अभ्यास बिघाड टाळू शकेल.

काठीच्या होळीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. तिथे रात्रभर नाचणारी माणसे आधीचे दिवस पालनी पाळतात. त्यांच्यासाठी ते व्रत असते. पाहुणा म्हणून जरूर जावे. पण पाहुण्यांचे समाधान पाच गुणांच्या मोजपट्टीवर मोजायचे आणि यजमानांना काहीच विचारायचे नाही, याला शाश्वत पर्यटनाचा अभ्यास म्हणता येत नाही. नर्मदेच्या काठी तर यजमानांना विचारण्याची ही जबाबदारी आणखी मोठी आहे. पलीकडे गुजरातेत एकतानगरला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा आहे. २०१८ पासून लाखो लोक तिथे जातात. त्या पुतळ्यापाशीच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे बाधित केली. त्या जलाशयावर उद्या नौका फिरवायच्या असतील, काठावर तंबू उभारायचे असतील, तर ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांचे मत सर्वांत आधी घ्यायला हवे. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. पर्यटनावरच्या प्रत्येक शोधनिबंधात ग्रामसभेचे म्हणणे हे एक प्रकरण असायलाच हवे.

मित्रहो, घरोघरी जाऊन नोंदी ठेवण्याच्या पद्धतीने काम करता येते, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ना. वि. कानिटकरांच्या साथीने जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये आला. शेताचे तुकडे, पिके, कर्ज, घरखर्च सगळे त्यांनी घरोघरी जाऊन टिपले. आज पिंपळे सौदागरात उंच इमारती आहेत, शेते उरली नाहीत. पण त्या गावाचे अर्थकारण त्या पुस्तकामुळे अजून वाचता येते. राज्याबाहेरचाही दाखला आहे. २००९ मध्ये बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या आर्थिक रोजनिशींवर आधारलेला एक गाजलेला ग्रंथ निघाला. अभ्यासक दर पंधरवड्याला त्याच घरी जात राहिले. गरीब माणूस बचत करत नाही, ही समजूत त्या रोजनिशींनी खोडून काढली.

आपल्या तरुण प्राध्यापकांवर निबंधांच्या संख्येचा ताण आहे, मुदती आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यासाठीच मी एकेकट्याने करायचे काम सांगत नाही. सहा तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून करायचे काम सांगतो आहे. प्रत्येक तालुक्यात मोजकी घरे निवडावीत. दर पंधरा दिवसांनी आलेला पैसा, गेलेला पैसा, घेतलेली उसनवारी, गहाण ठेवलेली वस्तू, आलेले पाहुणे यांची नोंद ठेवावी. हे काम त्याच पाड्यांवरून शिकायला आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी करावे. त्यांना पावरी, मावची, भिली येते. कोणता प्रश्न कधी विचारावा हे त्यांना कळते. पुस्तकी मार्गदर्शनाइतकेच हे ज्ञान मोलाचे आहे आणि संशोधक म्हणून निबंधावर त्यांचे नाव यायला हवे. वर्षाच्या शेवटी जे हाती लागेल ते आधी त्या घरांना आणि ग्रामसभेला त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे, बाजार समितीला आणि बँकेच्या शाखेला मराठीत द्यावे, आणि मग नियतकालिकाकडे पाठवावे. ज्याने आपला हिशेब उघड करून दाखवला, त्याला त्या हिशेबातून काय निघाले हे कळायलाच हवे.

खान्देशात सालदाराचे, म्हणजे सालाने बांधलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. बँकेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि विद्यापीठाचे जूनमध्ये. पण आपल्याला ज्या घरांचा अभ्यास करायचा आहे, त्यांचे वर्ष त्यांच्या कामाचे आहे. म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे की या परिषदेच्या समारोपाच्या ठरावात हे काम घ्यावे, महाविद्यालयांनी घरे वाटून घ्यावीत आणि येत्या आखाजीला पहिली नोंद करावी. पुढच्या परिषदेत त्या नोंदींवरचा पहिला निबंध इथल्याच एखाद्या विद्यार्थिनीने वाचावा. तिने सांगितलेली नंदुरबारची अर्थव्यवस्था आपल्या सर्वांच्या पाठ्यपुस्तकांत जागा मिळवील, असा मला विश्वास आहे.