गाडीच्या पोटातले पाणी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



रांगोळी आणि पाककृतींच्या कार्यक्रमात ही बाई मोटारीच्या इंजिनावर काय बोलणार, म्हणून काहीजणी पदराआड हसल्या, ते मी पाहिले आहे! पण आज आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. म्हणून माझीच फजिती सांगते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि वन्सं मुंबईहून जुन्या वाटेने नाशिकला परतत होतो. कसारा घाटाच्या चढणीवर उष्णतेचा काटा तांबड्या खुणेला टेकला आणि पुढून वाफ निघू लागली. गाडी कडेला घेतली. वन्सं रुमाल धरून रेडिएटरचे झाकण फिरवणार, तोच मागच्या ट्रकचा चालक ओरडला, "ताई, हात काढा!" त्या हाकेने त्यांचा हातच नव्हे, चेहराही वाचला. आपण शिटी दाबून धरलेल्या कुकरचे झाकण उघडतो का? इथेही तसेच आहे. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. इंजिन बंद करावे, पुरते गार होऊ द्यावे आणि मगच हात लावावा.

दोष कोणाचा? माझाच. पातळी उतरली की मी नळाचे नाहीतर बोअरचे पाणी ओतत असे. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरला होता, जोडीला गंज. वाटच तुंबली, तर इंजिनाची उष्णता बाहेर पडणार कशी?

म्हणून गाडीत पाणी नव्हे, कूलंट हवे. त्यात साधारण निम्मे शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असते. शिवाय गंज रोखणारी द्रव्ये. ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि थंडीत गोठतही नाही. पण ग्लायकॉल जास्त म्हणजे गुण जास्त, असे मात्र नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, म्हणून मिश्रण प्रमाणातच हवे. बाजारात तयार मिश्रण मिळते, तसेच घट्ट अर्कही मिळतो. तयार मिश्रणात पाणी घालू नये. अर्कात मात्र डब्यावर सांगितले असेल तितके डिस्टिल्ड पाणी घालावेच लागते.

आता निवडायचे कसे? आपण साडीसारखा रंग पाहतो: हिरवे, तांबडे, निळे, गुलाबी. पण रंग ही केवळ पूड. एका कंपनीचे हिरवे आणि दुसरीचे हिरवे एकच असेल, असा भरवसा नाही. गंज रोखण्याची द्रव्ये निराळ्या जातींची असतात. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावे लागते, नव्या पद्धतीचे बहुधा पाच वर्षे टिकते. नको त्या दोन जाती एकत्र केल्या, तर गुण मारला जातो आणि कधी आंबट ताकात दूध ओतल्यासारख्या गाठी होतात. तेव्हा गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडावे, त्यात सांगितलेली जात डब्यावर छापलेली आहे का ते पाहावे, आणि मगच पैसे द्यावेत. वाटेत अडचण पडली तर स्वच्छ पाण्यावर घर गाठावे. पण नंतर कूलंट नीट भरून घ्यावे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे, हे ओळखावे.

एक गोष्ट आईच्या नात्याने सांगते. कूलंट चवीला गोडसर, पण विषारी असते. सरबताच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका. सांडले तर लगेच पुसा. मांजर, कुत्रे चाटायला येते.

महिन्यातून एकदा, सकाळी गाडी गार असताना, बॉनेट उघडून टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना, एवढे पाहायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. तेवढे केलेत, तर घाटात गाडीच्या आणि आपल्याही पोटातले पाणी हलणार नाही.