फोन काढून घेणार नाही, हे आधी सांगा

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पालकसभेत आपल्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'मुलींच्या हातात मोबाईल द्यावा का?' मुलग्यांच्या हातात द्यावा का, असे कुणी विचारत नाही. तो दिलेलाच असतो. मुलीने शाळेत जावे का, सायकल चालवावी का, हेही एकेकाळी याच सुरात विचारले गेले. म्हणून धोक्यांकडे वळण्याआधी फोन कुणाच्या मालकीचा आहे, ते पाहू.

'असर' २०२३ या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची माहिती घेतली गेली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. बाकीच्या मुली वडिलांच्या, भावाच्या फोनवर दिवस काढतात. कॉलेजची सूचना, मैत्रिणीचा निरोप, पाळीविषयी शोधलेली माहिती, सारे घरच्यांच्या नजरेखालून जाते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. अकाउंट खासगी कसे ठेवायचे, त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसे करायचे, हेही मुलींना मुलग्यांपेक्षा कमी ठाऊक होते. जपायचे म्हणून फोनपासून लांब ठेवले, आणि स्वतःला जपण्याची विद्या मात्र मिळाली नाही!

माध्यमांतल्या स्त्रीप्रतिमेविषयी आपली चळवळ पूर्वीपासून बोलत आली आहे. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदाही झाला. तेव्हा चित्रण करणारा दुसरा कुणीतरी असे. आज पंधरा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यापुढेही आहे आणि मागेही. मेंदी काढणारे हात, शेतातले काम, एखादा संवाद, नाच, असे कितीतरी आपल्या गटांतल्या मुली चित्रित करतात. गाणे निवडायचे, तुकडे जोडायचे, वर मजकूर लिहायचा, हे कसब त्यांना कुणी शिकवलेले नाही. काही जणी चेहरा दाखवत नाहीत, नाव बदलतात. लपून का होईना, पण बोलायचे आहे, एवढी ती गरज मोठी आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा अनेक सुशिक्षितांनी 'बरे झाले' म्हटले. पण खेड्यापाड्यांतल्या, इंग्रजी न येणाऱ्या कितीतरी बायामुलींना पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला होता तो तिथेच.

आता या रंगमंचाचा मालक कोण, हेही विचारू. मुली फुकट राबतात आणि कंपन्या जाहिराती विकून कमावतात. बाईच्या घरकामाला मोल नसते असे आपण सांगत आलो, हेही त्यातलेच. शिवाय फिल्टर चेहरा गोरा करून देतो, नाक बारीक करून देतो. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरींनी सांगितल्याची नोंद कंपनीच्याच संशोधनात होती.

सर्वांत अवघड प्रश्न धमकीचा. साध्या फोटोवरूनही आज नग्न चित्र तयार करता येते. 'ऐकले नाहीस तर सगळ्यांना पाठवीन' असे कुणी म्हणतो, आणि मुलगी गप्प बसते. का? त्याला ती भिते. पण त्याहून अधिक घरच्यांना भिते. कळले तर फोन जाईल, मग क्लास, मग शाळा, आणि मग 'स्थळ बघा'. धमकी देणाऱ्याला हे पक्के माहीत असते. आपल्या घरातली बंदी हेच त्याचे हत्यार आहे.

कायदे आहेत. अठरा वर्षांखालील मुलीसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आहे. पीडित मुलीची ओळख माध्यमांत उघड करण्यास मनाई आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. पण घरात तोंड उघडता येत नाही तिथे मुलगी पोलीस ठाण्यापर्यंत पोचणार कशी?

एका नव्या तरतुदीकडेही लक्ष द्यायला हवे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची संमती घ्यावी, असे तो म्हणतो. कंपन्यांना आवर घालण्याचा हेतू योग्यच. पण आपल्याकडे पालकांची संमती म्हणजे बहुधा वडिलांची संमती! ज्या घरात मुलगी मोकळी नाही, तिथे या संमतीचा उपयोग कुणाला होईल, याचा विचार आपणच मांडायला हवा.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, पालकांच्या गटात एक वचन मागून घ्या : 'काहीही घडले तरी तुझा फोन काढणार नाही, शाळा थांबवणार नाही.' हे वचन घरात बोलून दाखवलेले असले पाहिजे, तरच मुलगी पहिल्याच दिवशी सांगेल. दुसरे, ब्लॉक करणे, धमकीचे संदेश न पुसता पुरावा म्हणून जपणे, हे गटात प्रत्यक्ष करून शिकवा. तिसरे, मुलींनी बनवलेले एकत्र बसून बघा. त्यात काय आवडले, कुणासाठी बनवले, काय सांगायचे राहून गेले, हे त्यांना विचारा. आणि मुलग्यांच्या गटात, दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो, हे सांगायला विसरू नका.

मुलींना गप्प करून सुरक्षितता मिळत नाही, हे आपण घराच्या आणि रस्त्याच्या प्रश्नांवर काम करताना शिकलो. फोनच्या प्रश्नावरही तेच धरून चालू या.