पिस्टनच्या पोटाखालचं कारंजं

आज इंजिनच्या अशा भागाबद्दल बोलू, जो बिलावर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण विसरला तर सगळं इंजिनकाम पाण्यात. तो भाग म्हणजे ऑइल जेट.

आधी आपली काळीपिवळी पद्मिनी आठवा. कुर्ल्याची पोर. 1089 सीसी, ताकद साधारण 40 अश्वशक्ती. ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. आता 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस घ्या, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. 1984 सीसी, टर्बो, 230 अश्वशक्ती. दर लिटरमागे ताकद पद्मिनीच्या तिप्पट! आणि ताकद वाढली की आगही वाढते.

सिलिंडरमधला जळता वायू 2000 अंशांच्या वर जातो. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचा. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधीच त्याचा जोर कमी होऊ लागतो. मग पिस्टन वाचतो कसा? बरीच उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून कूलंटमध्ये जाते. जोरदार इंजिनात तेवढ्याने भागत नाही. म्हणून ब्लॉकला खालून बारीक नळ्या बसवतात. त्या पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारतात. थोडक्यात, कारंजं. म्हणजे ऑइल नुसतं वंगण नाही, ते पिस्टनचं कूलंटसुद्धा आहे.

आता माझी चूक सांगतो. गणपतीच्या आधी गाडी रस्त्यावर हवी म्हणून मी एक टर्बो इंजिन घाईत बांधलं. फोर्ज्ड पिस्टन, नवीन रिंगा, नवीन बेअरिंग, सगळं महागाचं. जेट मात्र फडक्याने पुसले आणि लावले. पहिल्या 400 किलोमीटरमध्येच खालून कडकड आवाज. उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनवर उभे ओरखडे, आणि त्याच्या जेटमध्ये बोअरिंगचा बारीक कीस. दोष पिस्टनचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

तेव्हापासूनचा माझा नियम ऐका. ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी सगळे जेट काढायचे. ब्लॉक परत आला की ऑइलच्या वाटा ब्रशने धुवायच्या, हवेने फुंकायच्या. मग एकेक जेट तपासायचा. बऱ्याच जेटमध्ये स्प्रिंगची झडप असते, ती साधारण दीड-दोन बार प्रेशरला उघडते. त्यामुळे तोंडाने फुंकून कळत नाही, कॉम्प्रेसर लागतो. नळी जरा वाकलेली दिसली तरी हाताने सरळ करायची नाही. धारेची दिशा चुकते, नवा जेट घ्या.

पिस्टन बसवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. बाहेरून आणलेल्या पिस्टनचा खालचा भाग जेटला घासू शकतो. हे चेंबर लावायच्या आधी दिसलं तर नशीब, नंतर दिसलं तर खर्च.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढा, इंधन बंद ठेवा आणि थांबून थांबून सेल्फ मारा. ऑइल प्रेशर दिसलं की मगच स्टार्ट. पहिलं ऑइल लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून बघा. त्यात चमचम दिसली, तर इंजिन काहीतरी सांगतंय.

आणि हो, हे मुंबईकरांसाठी. दादर टीटीपासून रांगत रांगत लालबागला येता, तोवर ऑइल तापून पातळ झालेलं असतं. पूल मोकळा दिसला की पाय दाबला जातो. नेमकं तेव्हाच जेटला प्रेशर हवं असतं. पंप झिजलेला असेल, ऑइल चुकीच्या ग्रेडचं किंवा पातळी कमी असेल, तर जेट आणि बेअरिंग दोघंही उपाशी राहतात. म्हणून ताकद वाढवायच्या आधी एक खरं प्रेशर मीटर लावा. डॅशबोर्डचा लाल दिवा पेटेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

टर्बो मोठा करायला पैसे लागतात, जेट साफ करायला अर्धा तास. तो अर्धा तास वाचवू नका. मी वाचवला होता, आणि त्या वर्षी बाप्पाला आणायला टेम्पो करावा लागला.

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.