पाकिटामागचे आकडे

परवा आमच्या सूनबाईंनी सरबताची बाटली माझ्यापुढे ठेवली. "बाबा, यात ३३० आहे. मैत्रिणीने दिलेल्या यादीत ते सगळ्यात घातक म्हटलंय. चिंगीला देऊ की नको?"

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल; आपल्या लिंबाचा आंबटपणा! १९७६ मध्ये फ्रान्सात व्हिलज्वीफ इथल्या रुग्णालयाच्या नावावर एक खोटे पत्रक फिरले. त्यात हेच सर्वांत घातक ठरवले होते. रुग्णालयाने इन्कार केला, तरी पत्रक हातोहात पसरतच राहिले.

मग सुरक्षितता ठरते कशी? पदार्थ प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रेत दीर्घकाळ खाऊ घालतात. ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही, तिला सहसा शंभराने भागतात. माणूस उंदराहून नाजूक असेल म्हणून दहा, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी दहा. उरते ती रोज, आयुष्यभर पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा. वजनाच्या दर किलोमागे. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये ती १० मिलिग्रॅम ठरवली. म्हणजे साठ किलोच्या सूनबाईंना ६००, पण पंधरा किलोच्या चिंगीला १५०च. मोठ्यांचा हिशेब मुलांना लावू नये, तो यासाठी.

पण परवानगी मिळाली म्हणजे चौकशी संपली, असेही नाही. पाव फुगावा म्हणून पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालत. भट्टीत त्याचे निरुपद्रवी ब्रोमाइड होते, असा भरवसा होता. जपानी संशोधकांना १९८२ मध्ये त्यामुळे उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झालेल्या आढळल्या. आपल्याकडे मात्र ते चालूच राहिले. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या एका संस्थेने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले; ८४ टक्के नमुन्यांत ब्रोमेट किंवा आयोडेट निघाले. पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर बंदी आली. तोवर चहात बुडवून मी किती पाव खाल्ले असतील, कोण जाणे!

म्हणून दोन्ही टोके टाळावीत. आकडा दिसला की घाबरू नये, आणि मान्यता दिसली की डोळे मिटू नयेत. कोणता पदार्थ, किती आणि कोणाच्या पोटात, हे तीन प्रश्न विचारावेत.

सूनबाईंना मी म्हटले, "३३० ला भिऊ नकोस. पण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. यादीत आधी काय आहे, ते वाच."

तिथे साखर होती. बाटली फडताळात वर गेली, आणि चिंगीला घरचे लिंबू-पाणी मिळाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)